ट्रॅक्टरमागचा फिनिश मोअर : आधी खरवडा, पाणी शेवटी

नाशिकजवळ लग्नसमारंभांचं लॉन्स चालवणाऱ्या एका गृहस्थांनी विचारलं आहे : "साडेतीन एकर हिरवळ आहे. २४ एचपीच्या मिनी ट्रॅक्टरला पाच फुटी, तीन पात्यांचा फिनिश मोअर लावतो. काम झालं की प्रेशर वॉशरने वरून-खालून स्वच्छ धुतो, मगच शेडमध्ये ठेवतो. तरीही एकाच पावसाळ्यात मधल्या स्पिंडलचं बेअरिंग दुसऱ्यांदा गेलं. डेकला (पात्यांवरच्या पत्र्याच्या झाकणाला) खालून गंज चढला आहे आणि कापल्यावर दुसऱ्या दिवशी गवताचे शेंडे पांढरे दिसतात. निगेत आमचं काय चुकतं?"

बेअरिंग घाणीने गेलेलं नाही, धुण्याने गेलं आहे. प्रेशर वॉशरइतकं दुसरं काहीही फिनिश मोअरचं नुकसान करत नाही, आणि तो वापरतात ती मशीनची मनापासून काळजी घेणारीच माणसं. म्हणून हे जरा खोलात जाऊन सांगतो.

काम संपतं तेव्हा स्पिंडलचं, म्हणजे पातं ज्या आसावर फिरतं त्याचं, हाउसिंग (बेअरिंगचं घर) तापलेलं असतं. आतली हवा फुगलेली, ग्रीस पातळ झालेलं. त्यावर गार पाण्याचा झोत बसला की हाउसिंग झटकन थंड होतं, आतली हवा आकसते आणि आत ओढ तयार होते. ती ओढ सीलच्या (शाफ्टभोवतीच्या रबरी कड्याच्या) ओठातून बाहेरचं काहीतरी आत घेते. तिथे हवा असेल तर हवा, पाणी साचलेलं असेल तर पाणी. त्यात वॉशरचा दाब. ऑइल सील बसवलेलं असतं ते ग्रीस बाहेर येऊ नये आणि धूळ-शिंतोडे आत जाऊ नयेत एवढ्यासाठी. शंभर बारचा झोत हातभरावरून मारला तर ते अडवणं त्याचं कामच नव्हे. आत गेलेलं पाणी ग्रीसमध्ये घुसळलं जातं, ग्रीस दुधाळ होतं, आणि मोअर शेडमध्ये उभा असताना गोळ्यांवर आणि कड्यांवर गंजाचे बारीक ठिपके उमटतात. बेअरिंगचा आवाज तुम्हाला काही आठवड्यांनी ऐकू येतो, पण ते जायला लागलेलं असतं त्या धुतलेल्या संध्याकाळीच.

हे ठिपके इतके महाग का पडतात, ते वेगाचा हिशेब मांडला की कळतं. पीटीओ, म्हणजे अवजाराला शक्ती देणारा ट्रॅक्टरमागचा शाफ्ट, मिनिटाला ५४० फेऱ्यांवर चालतो. गिअरबॉक्स आणि पुल्या मिळून तो वेग पात्यापर्यंत पाचपटीच्या वर नेतात. पाच फुटी मोअरचं पातं साधारण २१ इंची असतं. ते मिनिटाला २,९०० फेऱ्यांच्या आसपास फिरतं, तेव्हा टोकाचा वेग सेकंदाला ८० मीटर होतो, म्हणजे ताशी २९० किलोमीटरच्या जवळपास. रोटाव्हेटरचा शाफ्ट यापुढे रांगतो म्हणायला हरकत नाही. रोटाव्हेटर चिखलातून काढून धुवून ठेवायची सवय आपल्याकडे सगळ्यांना आहे आणि त्याला ती चालतेही. पण ती सवय जशीच्या तशी मोअरला लावता येत नाही.

आता मधलंच स्पिंडल का? बऱ्याच मोअरमध्ये मधल्या स्पिंडलचं ग्रीस निप्पल (ग्रीस भरायचं तोंड) गिअरबॉक्सच्या आणि बेल्ट कव्हरच्या अडचणीत असतं. कडेच्या दोघांना ग्रीस गन सहज लागते, मधल्यासाठी कव्हर उघडावं लागतं किंवा हात वाकडा करून गन घुसवावी लागते. ड्रायव्हर दोन निप्पलांना ग्रीस देतो आणि तिसऱ्याला "नंतर बघू" म्हणतो. तुमच्याकडे कोण ग्रीस देतं ते त्याला एकदा समोर करायला सांगा आणि बघा. गन लावून दाबल्यावर ग्रीस खरंच आत जातं, की निप्पलच्या बाजूने उलटं बाहेर येतं, तेही पाहा. निप्पल बुजलेलं असेल तर ते पाच-दहा रुपयांचं काम आहे, लगेच बदला.

दुसरं कारण लॉन्सवाल्यांकडेच जास्त दिसतं, शेतात किंवा बागेत कमी : दोरा. लग्नाचा मांडव निघाला की हिरवळीत झेंडूच्या माळांचे दोरे, मोगऱ्याच्या गजऱ्यांचे नायलॉन धागे, लायटिंगवाल्याचे प्लास्टिक टाय, मंडपवाल्याची बाइंडिंग तार आणि खिळे राहतात. संक्रांतीनंतर मांजाही. गवतात लपलेला दोरा पातं उचलतं आणि तो पात्याच्या वर, पातं आणि स्पिंडलच्या तळामध्ये जी बोटभर जागा असते तिथे गुंडाळला जातो. फिरता फिरता तो घट्ट होत वर सरकतो आणि सीलच्या ओठाखाली शिरतो. नायलॉन असेल तर घासून तापतो, वितळतो आणि रबराचा ओठ कापतो. पुढे ग्रीस बाहेर, पाणी आत. खाली वाकून पाहिलं तर वरवर काहीच दिसत नाही. पातं उतरवलं की काळा, ग्रीसने माखलेला एक कडक गोल सापडतो. तो सरळ ओढून निघत नाही, ब्लेडने दोन ठिकाणी कापून काढावा लागतो. ओठाला नख लावून फिरवा. कुठे खाच लागली तर सील गेलं समजा. लग्नसराईत दर दोन-तीन कापण्यांनंतर तिन्ही पाती उतरवून ही जागा बघाच. आणि कापायच्या आधी मांडवाच्या जागेवरून एक माणूस चुंबकाची पट्टी ओढत फिरवा. पात्याला लागलेला खिळा ज्या वेगाने सुटतो त्या वेगाने तो कोणाला लागू नये. मोअर चालू असताना हिरवळीवर लेकरं, माळी, आचाऱ्याची माणसं, कोणीही नको. यात तडजोड करू नका.

साफसफाईला लागण्याआधी दोन मिनिटं सुरक्षिततेची. पीटीओ बंद, इंजिन बंद, किल्ली खिशात. पाती पूर्ण थांबेपर्यंत थांबा, पीटीओ सोडल्यावरही ती काही सेकंद फिरत राहतात. त्यानंतर पीटीओ शाफ्ट ट्रॅक्टरकडून काढा. लिफ्टवर उचललेल्या डेकखाली कधीही हात घालू नका. लिफ्टचं तेल उतरतं, कोणाचा तरी हात लिव्हरला लागतो, आणि डेक खाली येतो. चारही कोपऱ्यांना लोखंडी घोड्या किंवा जाड लाकडी ओंडके द्या आणि भार त्यांच्यावर सोडा. विटा आणि सिमेंटचे ब्लॉक वापरू नका, ते कसलीही सूचना न देता फुटतात.

आता रोजची सफाई. ती कोरडी करायची आणि कापणं झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत करायची. ओलं गवत ताजं असेपर्यंत डेकच्या पत्र्यावरून सहज निघतं. रात्र गेली की त्याचा थर गोवरीसारखा घट्ट बसतो आणि मग खरवडताना रंग निघतो. लाकडी किंवा जाड प्लास्टिकची पट्टी घ्या. रंगाऱ्याची लोखंडी पत्ती अगदी चिकटलेल्या ठिकाणीच लावा, तीही कोपरे घासून गोल केलेली. सर्वांत जास्त गवत बसतं ते दोन पात्यांच्या मधल्या कोनात आणि डेकच्या कडेला आतून, जिथे पत्रा खाली वळतो. हे गवत नुसतं वाईट दिसतं एवढंच नाही. फिनिश मोअरच्या पात्याला मागच्या कडेला वर वळवलेला पंख असतो. तो हवा वर ओढतो, गवत उभं करतो, आणि कापलेलं गवत त्या हवेवरच बाहेर जातं. डेकखाली दोन बोटं जाडीचा थर बसला की हवेला जागा राहत नाही. मग मागे गवताचे पुंजके पडतात, ड्रायव्हर म्हणतो पाती बोथट झाली, आणि पाती घासूनही पुंजके पडतच राहतात.

वरची बाजू लोक सोडून देतात. बेल्टचं कव्हर काढा. पुल्यांभोवती वाळलेला भुसा साचतो, तो स्पिंडलच्या माथ्यावर बसून उष्णता धरतो, पावसात ओलावा धरतो, आणि उन्हाळ्यात बेल्ट घसरून तापला तर पेटतोही. इथे कॉम्प्रेसरची हवा किंवा पानं उडवायचा ब्लोअर वापरा, पण हवा बेअरिंगच्या सीलवर थेट रोखू नका. ब्लोअर नसेल तर रंगाचा जुना ब्रश पुरतो.

पाणी कधी? डेकला खालून काळ्या मातीचा चिखल लागला असेल, किंवा हिरवळीवर युरिया टाकून दोन-चार दिवसांत कापलं असेल तेव्हा. युरियाची पूड आणि इतर खतांचे क्षार गवताच्या रसात मिसळून पत्र्याला चिकटतात, हवेतली ओल ओढून घेतात आणि गंज झपाट्याने वाढवतात. अशा वेळी धुवावंच लागतं. पण आधी मोअर गार होऊ द्या. गिअरबॉक्सवर तळहात ठेवून तो आरामात टेकला पाहिजे. मग बागेचा साधा नळीचा पाइप, खालून, फक्त पत्र्यावर. स्पिंडलचे तळ, बेल्ट, गिअरबॉक्सच्या वरची हवा जायची टोपी आणि पीटीओ शाफ्ट यांच्यावर पाणी नको. धुऊन झालं की शाफ्ट जोडा, मोअर खाली जमिनीलगत टेकवून, आजूबाजूला कोणी नाही ना बघून दोन-तीन मिनिटं रिकामा फिरवा म्हणजे पाणी झटकलं जाईल. आणि त्याच संध्याकाळी तिन्ही स्पिंडलांना ग्रीस. धुणं आणि ग्रीस एकाच कामाचे दोन भाग धरा. ग्रीस दुसऱ्या दिवशी द्यायचं असेल तर धूही नका.

ग्रीस कोणतं आणि किती? एपी-३ सारखं लिथियमचं ग्रीस घ्या. डब्यातलं पिवळं स्वस्त चासी ग्रीस पाण्याला बरं टिकतं, पण या वेगाच्या उष्णतेत पातळ होऊन वाहून जातं. एकदा एक जात ठरवली की तीच ठेवा. साध्या स्पिंडलला आठ-दहा तासांच्या कामामागे दोन-तीन दाब पुरतात, तुमच्या पुस्तिकेत वेगळं लिहिलं असेल तर ते पाळा. भरपूर दिलं म्हणजे भरपूर टिकलं असं होत नाही. लिव्हरच्या गनचा दाब मोठा असतो, जोरजोरात पंप केलं तर ग्रीस सीललाच बाहेर ढकलतं. सीलच्या कडेला ओलसर रेघ दिसली की थांबा. निप्पल फडक्याने पुसल्याशिवाय गन लावू नका, नाहीतर आपणच वाळू आत भरतो.

बेअरिंग बदलून घेणारच आहात तर ते बसवताना समोर उभे राहा. बाजारात एकाच नंबराचं बेअरिंग दोन प्रकारांत मिळतं. नंबरापुढे २आरएस असेल तर दोन्ही बाजूंना रबरी सील, झेडझेड असेल तर पत्र्याची टोपी. पत्र्याची टोपी धूळ थोपवते, ओल नाही. दुकानदार "एकच आहे, घेऊन जा" म्हणतो, तसं नाही. मात्र ज्या स्पिंडलला बाहेरून निप्पल आहे, तिथे काही बनावटींत बेअरिंगची आतली बाजू मुद्दाम उघडी ठेवलेली असते, म्हणजे दिलेलं ग्रीस गोळ्यांपर्यंत पोचतं. तिथे दोन्ही बाजूंनी बंद बेअरिंग बसवलं तर तुम्ही देताय ते ग्रीस नुसतं हाउसिंगमध्ये साचतं. म्हणून जुनं बेअरिंग फेकू नका, कसं होतं ते बघून तसंच आणा.

बसवायची पद्धतही तितकीच महत्त्वाची. हाउसिंगमध्ये बसवताना दाब बाहेरच्या कड्यावर, शाफ्टवर बसवताना आतल्या कड्यावर. उलट कड्यावर हातोडी मारली की तो ठोका गोळ्यांमधून जातो, कड्यात बारीक खळगे पडतात आणि नवंकोरं बेअरिंग पहिल्या दिवसापासून घरघरतं. लेथवाल्याकडे प्रेस असेल तर तिथेच बसवून घ्या. दोन बेअरिंगांच्या मध्ये एक नळीसारखा स्पेसर असतो. खोलताना तो घरंगळून जातो आणि कोणाच्या लक्षात येत नाही. स्पेसर नसताना पात्याचा बोल्ट आवळला की दोन्ही बेअरिंगांची आतली कडी एकमेकांकडे ओढली जातात, गोळ्या आवळल्या जातात, आणि स्पिंडल हाताला जड लागतं. पावसाळ्यात दुसऱ्यांदा बेअरिंग गेलं म्हणता, तर पहिल्या वेळी हा स्पेसर परत बसला होता का, ते मेकॅनिकला विचाराच. आणि सील दर वेळी नवं घाला. जुनं सील "चांगलं दिसतंय" म्हणून परत बसवणं ही फार महाग बचत आहे.

याच्याच जोडीला एक गोष्ट. डेकला तडा गेला म्हणून वेल्डिंग करून घेणार असाल तर बेल्ट काढून ठेवा आणि वेल्डिंगचं अर्थिंग तड्याच्या अगदी जवळ, त्याच पत्र्यावर लावायला सांगा. अर्थिंग पात्याला किंवा शाफ्टला अडकवलं तर करंट बेअरिंगच्या गोळ्यांमधून जातो आणि कड्यांवर ठिणग्यांचे डाग पडतात. असं गेलेलं बेअरिंग उघडून पाहिलं तरी कारण पटकन लक्षात येत नाही.

पांढरे शेंडे म्हणजे गवत कापलं जात नाही, फाटतं. कापल्यावर लगेच गवताचं एक पातं उपटून उजेडात धरा. शेंडा सरळ कापलेला असेल तर ठीक, दशा सुटल्यासारखा असेल तर धार गेली. दुसऱ्या दिवशी या दशाच वाळून पांढऱ्या दिसतात. मेक्सिकन हिरवळ फार चिवट, ती धार लवकर खाते. हरळीच्या जातींत धार जास्त टिकते. धारेआधी एक तपासा : ड्रायव्हर डिझेल वाचवायला इंजिन कमी फेऱ्यांवर चालवतो का? ट्रॅक्टरच्या मीटरवर ५४० पीटीओची खूण असते, इंजिन तिथेच हवं. त्याखाली पात्याचा वेग पडतो आणि धार असूनही गवत फाटतं. उलट बाजूची चूक तर धोक्याची आहे. काही मिनी ट्रॅक्टरांना ७५० आणि त्यावरचा पीटीओ वेगही असतो. ५४० साठी बनवलेला मोअर त्यावर चुकूनही चालवू नका.

धार लावताना पातं उतरवून लावा. मूळ कोन असतो तोच ठेवा, बहुतेक पात्यांना साधारण ३० अंश, आणि घासायचं फक्त वरच्या बाजूने. धार वस्तऱ्यासारखी नको, ती पहिल्या खड्यालाच दुमडते. ग्राइंडर एका जागी रेंगाळला की कड निळी पडते, म्हणजे तिथलं पाणी (पोलादाचा कडकपणा) उतरलं. ती जागा पुढे लगेच बोथट होते. थोडं घासा, थांबा, गार होऊ द्या. शेवटचा हात कानशीचा द्या.

मग तोल. याला मी सगळ्यात जास्त महत्त्व देतो. पात्याच्या एका टोकाला दहा ग्रॅम वजन जास्त राहिलं, म्हणजे दोन लहान चमचे साखरेएवढंच, तर २,९०० फेऱ्यांवर ते दहा ग्रॅम स्पिंडलला सुमारे २३ किलोच्या जोराने बाहेर ओढतात, आणि ही ओढ सेकंदाला ४८ वेळा दिशा बदलत गोल फिरते. बेअरिंगचं आयुष्य त्यात जातं, नट-बोल्ट सैल होतात, डेकला तडे जातात. तपासायला भिंतीत आडवा खिळा ठोका, त्यावर मधल्या भोकातून पातं अडकवा, आडवं धरून सोडा. जी बाजू खाली जाते ती जड, तिला थोडं घासा. मग पातं उलटं फिरवून परत बघा, कारण भोक खिळ्याहून मोठं असतं आणि एका बाजूने बघितलं तर फसगत होते. शंकूच्या आकाराचा बॅलन्सर मिळाला तर उत्तमच.

पातं बसवताना पंख वर, डेककडे. उलटं बसवलेलं पातं मी नव्या ड्रायव्हरांकडे खूपदा पाहतो, आणि तक्रार असते "नवं पातं असून कापत नाही". बोल्ट टॉर्क पान्याने, पुस्तिकेत दिलेल्या मापाला आवळा, स्प्रिंग वॉशर चपटा झाला असेल तर बदला, आणि पहिल्या तासाभराच्या कामानंतर पुन्हा एकदा बघा. काही बनावटींत उलट आटे असतात. जोर लावण्याआधी ते पाहून घ्या.

पातं वाकलं आहे का हे असं कळतं : डेकच्या कडेवर एक खूण करा, पात्याचं टोक तिथे आणून टोकापासून कडेपर्यंतचं उभं अंतर मोजा, मग पातं अर्धा फेरा फिरवून दुसऱ्या टोकाचं तेच अंतर मोजा. तीन मिलिमीटरहून जास्त फरक असेल तर पातं बदला. नवं पातं लावूनही फरक तेवढाच राहिला तर स्पिंडलचा शाफ्ट वाकला आहे. वाकलेलं पातं तापवून सरळ करणं, तुटलेल्या टोकाला वेल्डिंग करणं, हे प्रकार आपल्या भागात होतात. कृपा करून करू नका. वाळूमुळे पंख जिथे सुरू होतो ती घडी आतून झिजते. तिथे पत्रा निम्मा राहिला असेल तर धार कितीही चांगली असली तरी पातं बाद करा. तो पंखच तुटून उडतो.

गंजाचं सांगतो. डेक पूर्ण कोरडा झाला की वायर ब्रशने सुटा गंज काढा, पॉलिश पेपर फिरवा, थिनरच्या फडक्याने तेलकटपणा पुसा, रेड ऑक्साइडचा एक हात आणि वाळल्यावर एनॅमलचे दोन. दर पावसाळ्याआधी मे महिन्यात हे एकदा केलं की पुरतं. कोकणात आणि गोव्यात समुद्राच्या जवळ असाल तर पावसाळ्यानंतरही एक फेरी लागते, खारी हवा पत्रा सोडत नाही. जळकं इंजिन ऑइल किंवा डिझेल डेकला खालून फासायची पद्धत आहे, ती मला मान्य नाही. त्याला गवताची पूड उलट जास्त चिकटते, थेंब पडतील तिथे हिरवळ जळते, आणि बेल्टला लागलं तर बेल्ट फुगून घसरतो.

बेल्टच्या बाबतीत तीनच गोष्टी बघा. कडा चकाकत असतील तर तो घसरतो आहे. आतल्या बाजूला आडव्या चिरा किंवा कडेने दोरे सुटले असतील तर बदला. आणि बेल्ट पुलीच्या खाचेत खोल बसून खाचेचा तळ चमकवत असेल तर एकटा बेल्ट बदलून भागत नाही, पुली झिजली आहे. पिठाच्या गिरणीच्या पट्ट्याला राळ लावतात तशी इथे लावू नका. व्ही बेल्ट कडांच्या दाबाने पकडतो, राळेने त्यावर धूळ-गवत चिकटून तो अजून लवकर जातो. टाइटनरची स्प्रिंग आणि तिचा हात मोकळा फिरतो का ते मात्र बघा. तिथे गंज धरला की बेल्ट नवा असूनही ढिला राहतो. नवा बेल्ट पहिल्या काही तासांत ताणतो, तेव्हा ताण पुन्हा तपासावा लागतो.

गिअरबॉक्सला फार काही लागत नाही. गार असताना, सपाट जागेवर तेलाची पातळी बघा, ९० नंबरचं गिअर ऑइल. नव्या मोअरचं पहिलं तेल ५० तासांच्या सुमारास बदला. तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, आणि तुमच्या धुण्याच्या पद्धतीमुळे हे आजच बघायला हवं. सील बदलूनही तेल गळत असेल तर वरची हवा जायची टोपी आधी साफ करा. ती बुजली की आतली गरम हवा अडकते आणि तेलाला सीलमधून बाहेर ढकलते. एका टोपीतल्या मातीपायी लोक दोन-दोन सील बदलतात.

पीटीओ शाफ्टच्या दोन्ही क्रॉसना (टोकांच्या सांध्यांना) रोज ग्रीस, आतल्या सरकत्या नळीलाही. ही नळी अडकली तर मोअर वर-खाली होताना सगळा धक्का गिअरबॉक्सच्या बेअरिंगला जातो. शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर फुटलं असेल तर नवं घाला. धोतर, उपरणं, ओढणी, रेनकोटचा पट्टा, काहीही त्यात ओढलं जातं.

चाकांची हवा चारही ठिकाणी सारखी, कारण कापण्याची उंची चाकं ठरवतात, लिफ्ट नाही. टॉपलिंकला (मोअर ट्रॅक्टरला जोडणाऱ्या वरच्या दांड्याला) थोडी ढील हवी म्हणजे डेक जमिनीच्या चढ-उताराप्रमाणे हलतो. डेकची पुढची कड मागच्यापेक्षा पाव इंच खाली ठेवा. पावसाळ्यात उंची एक खाच वाढवा, उघडीप मिळाली की दुपारनंतर कापा, आणि एका वेळी गवताच्या एक तृतीयांशाहून जास्त उंची घेऊ नका. गुडघाभर वाढलेलं तण फिनिश मोअरने काढायला जाऊ नका. द्राक्षबागेतलं स्लॅशरचं काम त्याला लावलं की बेल्ट आणि स्पिंडल दोन्ही जातात.

काही आठवडे उभा राहणार असेल तर सफाई करून, ग्रीस देऊन, बेल्टचा ताण सोडून, डेक ओंडक्यांवर ठेवा. प्लास्टिकच्या कागदात घट्ट गुंडाळू नका, आत ओल धरते. बेल्ट कव्हरखाली भुसा राहिला तर उंदीर घर करतात आणि बेल्ट कुरतडतात, म्हणून ती जागा अगदी मोकळी करून ठेवा.

तुमच्या मोअरचं आता लगेच असं करा. तिन्ही पाती उतरवा, दोरे काढा, बेल्ट काढून प्रत्येक स्पिंडल हाताने फिरवा. मधलं तर बदलायचंच आहे, पण कडेच्या दोघांतही तेच पाणी गेलेलं आहे. हाताला वाळूसारखं खरखरीत लागलं, किंवा पुली वर-खाली हलवल्यावर खेळ जाणवला, तर तिन्ही एकदम बदला. पाती तिन्ही एका वेळची, तोल बघितलेली. सगळं बसवल्यावर पंधरा मिनिटं हिरवळ कापा, मशीन बंद करा, शाफ्ट काढा आणि हात आधी जवळ नेऊन मग तिन्ही हाउसिंगना लावून बघा. तिन्ही सारखीच कोमट असली पाहिजेत. एखादं जास्त तापलं असेल तर तिथे स्पेसर, सील किंवा पात्याचा तोल यांतलं काहीतरी राहून गेलं आहे, आणि ते त्याच दिवशी परत उघडा.